मामाजी, गोफण आणि आकाशातलं युद्ध

पुढचं महायुद्ध कोणत्या शस्त्रानं सुरू होणार आणि त्याचा पहिला फटका कोणाला बसणार, हे सौंसरमध्ये एकाच माणसाला ठाऊक आहे. ते माझ्या नवऱ्याचे मामा. मी त्यांना मामाजी म्हणते. आमच्याकडे सून सासऱ्यालाही मामाजीच म्हणते, त्यामुळे त्यांची सून सुषमा आणि मी, आम्हा दोघींचेही ते मामाजी. पहिला फटका, त्यांच्या मते, मोबाईलवाल्यांना बसणार आहे आणि तो बसायलाच पाहिजे.

मामाजी टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पांढुर्णा, तिगाव, सौंसर या पट्ट्यातला एखादा खांब त्यांनी चढायचा राहिला असेल, तर तो ते निवृत्त झाल्यावर रोवलेला असणार. ज्याला तार नाही तो फोनच नाही, ती अफवा, असं त्यांचं ठाम मत. अशा माणसाला मुलानं नागपुराहून स्मार्टफोन आणून दिला. तारा ओढून ओढून मामाजींच्या बोटांची कातडी इतकी जाड झाली आहे की फोनच्या काचेला ते बोट आहे हे कळतच नाही. म्हणून ते फोन नाकानं उचलतात. नाक डावीकडे वळलं तर कॉल लागतो, उजवीकडे वळलं तर कटतो, आणि मामाजींचं नाक जन्मतःच जरा उजवीकडे आहे. एकदा फोननं त्यांना विचारलं की तुमचं लोकेशन वापरू का. मामाजी फोन घेऊन तडक माझ्याकडे आले. "बाई, मी कुठी बसून राहिलो, हे याले काऊन पाहिजे? माझ्या बायकोनं जन्मभर विचारलं नाही!" सकाळी अपडेट होऊन सगळी चित्रं जागा बदलून बसली, तेव्हा तर घरात चोर शिरल्यासारखे ते दिवसभर अस्वस्थ होते.

बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांचं युद्धशास्त्राचं व्याख्यान चालतं. श्रोते म्हणजे बसची वाट पाहणारे प्रवासी, त्यामुळे रोज नवे मिळतात. छिंदवाड्याची बस सुटत असताना एका बिचाऱ्याचा हात धरून "लेझर आयकून जाय गा, मंग जाशील" म्हणत त्यांनी त्याची बस चुकवली आहे. सिद्धांताचा गाभा मात्र पांढुर्ण्याचा, कारण मामाजी मूळचे तिथले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि ते झाड मिळवायला दोन्हीकडून दगडांचा मारा. (मला त्या दिवशी कापूस, पट्ट्या आणि टिंक्चर याखेरीज काही सुचत नाही.) मामाजी म्हणतात, "उपग्रह म्हणजे काय, तो आकाशातला पळस होय. दोन्ही काठचे लोक त्याच्याचकडे पाहून राहिले. एकडाव तो पाडला का तुमचे सारे फोन मुके. मंग या माझ्याकडे, तार मागाले!"

युद्धाचा त्यांचा स्वतःचा अनुभव एवढाच, की तरुणपणी दर गोटमारीला ते गोफण घेऊन काठावर उभे असत. त्यांचा एकही दगड कधी कोणाला लागला नाही. ते गोफण गरगरवू लागले की सावरगावचे लोक निवांत उभे राहत. पळापळ होई ती मामाजींच्या मागे उभ्या असलेल्या पांढुर्ण्याच्याच लोकांची. तीच गोफण पुढे त्यांच्या संत्र्याच्या बागेत पाखरं हाकायला आली. पाखरांनाही त्यांचा लौकिक लवकरच कळला.

मागच्या हंगामात एक दिवस त्यांना आपल्या फोनमध्ये पंख्याचं एक नवं चित्र दिसलं. "मी बसवला नाही, मंग कोणं बसवला?" असं म्हणून त्यांनी फोनला कैद केली. स्टीलच्या डब्यात लहरी शिरत नाहीत, म्हणून माझा लाडवांचा मोठा डबा मागून नेला. फोन रोज संध्याकाळी बाहेर काढायचा, पूर्ण चार्ज करायचा, बंद करायचा आणि परत डब्यात. का, तर युद्धात ऐन वेळी लागला तर असावा. बागेत जातानाही तो डबा जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत असे. माझ्या कामांच्या यादीत तेव्हापासून "मामाजींकडून डबा" ही ओळ आहे, आणि मी ती दर सोमवारी नव्या पानावर उतरवते.

त्याच सुमारास आमच्या महिला बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला. गटाची सचिव मी आणि ड्रोन चालवणार सुषमा. बारावीनंतर लग्न झालं आणि तिचं शिक्षण तिथेच थांबलं होतं. हे प्रशिक्षण मात्र तिनं पहिल्या नंबरानं पूर्ण केलं. घरून तिला पाठवायला सगळ्यात आधी तयार झाले ते मामाजीच. "आमची सून विमान चालवणार हाये," असं ते टपरीवर सांगत. पण ड्रोन आला तो खोक्यातून, आणि त्यांनी काही तो पाहिला नव्हता. अट अशी होती की बागवाल्यांनी काम दिलं तर ड्रोन आमच्याकडे, नाहीतर तो दुसऱ्या गटाला जाणार. म्हणजे सुषमाचं शिक्षण दुसऱ्यांदा वाया. रविवारी दुसऱ्या एका बागेत प्रात्यक्षिक ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी वारा पडलेला पाहून आम्ही ते त्याच दिवशी आणि जवळच्या, म्हणजे मामाजींच्याच बागेत घ्यायचं ठरवलं. मामाजी पहाटेच बागेत गेले होते. मी विचारलं, "मामाजींना कळवलं?" सुषमा म्हणाली, "हो नं ताई, मेसेज टाकला."

घाईत डबा आम्हा दोघींनाही आठवला नाही; मेसेज त्याच्या दारातून परत गेला.

बांधावर पंधरा-वीस बागवाले जमले. टाकीत आज नुसतं पाणी होतं. सहा पंखांचा तो ड्रोन घोंघावत संत्र्याच्या झाडांवर गेला आणि झाडांमधून आरोळी आली, "आलं रे आलं!" पाठोपाठ गोफणीचा सूं सूं आवाज. मला तो आवाज ओळखीचा होता, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते. तेवढ्यात ठक्क झालं. उभ्या आयुष्यात मामाजींचा जो एकच दगड लागला, तो हा.

ड्रोन फांद्यांमध्ये कोसळला. सुषमा धावली, आणि रिमोटवर अडकवलेला तिचा फोन दगडावर आपटून त्याची काच फुटली. मामाजी गोफण नाचवत बाहेर आले. "पाडलं! पाहून घ्या, पाडलं म्यानं!" मग त्यांना सुषमाच्या हातातला रिमोट दिसला.

"मामाजी," ती म्हणाली, "ते माझं होतं."

मामाजींनी गोफण पाठीमागे लपवली. बागवाल्यांमध्ये हसू पसरलं. एक म्हणाला, "सचिवबाई, हे तर एका गोट्यात खाली आलं. याच्याहून आमचा पाठीवरचा पंप बरा." दोघे-तिघे निघायलाही लागले. मी पिशवीतून सुटे पंख काढले, कारण ते माझ्या यादीत होते. सुषमानं दोन मोडके पंख बदलले. मशीन ठीक होतं, पण त्याच्या कॅमेऱ्यातलं दिसायला फोन हवा, आणि ड्रोनचं ॲप आणखी एकाच फोनवर होतं.

"मामाजी, तुमचा फोन द्या."

मामाजींनी निमूटपणे माझा लाडवांचा डबा उघडला. "तो पंखा तूच बसवला व्हय?"

"हो. कधी माझा बिघडला तर असावा म्हणून."

"मंग सांगाचं नाही का माय?"

"मेसेज टाकला होता."

मामाजींनी फोन तिच्या हातात दिला. फोन सुरू झाला. त्या सकाळी सौंसरमध्ये पूर्ण चार्ज असलेला तो बहुतेक एकमेव फोन असावा. मामाजी निघालेल्या बागवाल्यांच्या वाटेत आडवे झाले आणि म्हणाले, "थांबा गा. मी याच्या खाली उभा राह्यतो. पडलं तर माझ्याच डोस्क्यावर पडन." मी नको नको म्हणेपर्यंत ते झाडांच्या दोन ओळींमध्ये जाऊन उभे राहिले. ड्रोन उठला, सरळ ओळीत गेला आणि मामाजींना टोपीपासून चपलेपर्यंत भिजवून परत आला. पानांच्या खालच्या बाजूही ओल्या झाल्या होत्या. मघाचा पंपवाला पानं उलटून पाहत होता. "माह्याकडे कधी येता?" त्यानं विचारलं. मी वही काढली. दुपारपर्यंत पान भरलं.

सगळे पांगल्यावर मामाजी ओलेच सुषमाशेजारी येऊन उभे राहिले. ड्रोन वर स्थिर होता. त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये त्यांची सगळी बाग मावली होती, आणि बागेच्या कडेला, वेलींनी वेढलेला, तारा कधीच उतरलेला एक खांब. "हा माझा हाये," ते हळूच म्हणाले. "भर उन्हात रोवला होता." काचेवर टेकलेलं त्यांचं जाड बोट फोनला कळलं नाही, आणि ते बरंच झालं, चित्र हललं नाही.

माझा डबा मला त्याच दिवशी परत मिळाला, संत्र्यांनी भरलेला. फोन आता दोरीनं मामाजींच्या गळ्यात असतो. नाकानं उचलणं चालूच आहे. टपरीवर युद्ध अजून होतं, पण त्यात आपल्या बाजूनं सुषमा लढते. परवा फवारणी संपल्यावर त्यांनी तिला विचारलं, "यातून पांढुर्णा दिसन का?"

"नाही मामाजी, एवढं वर नाही जात हे."

"जाईन. आज नाही तं उद्या जाईन." त्यांनी तो छोटा पडदा टोपीनं पुसला. मग म्हणाले, "नदी दाखवजो मले तवा. एवढ्या वरून दोन्ही काठ एकदमच दिसत असन, नाही?"