न गुरगुरता

आमचे धनी नंदिगड्ड्याकडं लाकूडतोडीला गेले होते, तिथनं येताना घोंगड्यात एक पिल्लू गुंडाळून घेऊन आले. रानडुकरं भाताची नासाडी करायची, म्हणून राखणीला कुत्रं हवंच होतं. पण हे बेणं राखण करायचं ते आपल्या पेजेची! फुटक्या मडक्यात पेज ओतली की त्यावर मान आडवी घालायचं आणि कुणी बाजूनं गेलं तरी गुरगुरायचं. सुक्या बांगड्याचं डोकं मिळालं तर विचारूच नका.

धन्यांना तो आपला अपमान वाटला. खायला आपण घालायचं आणि यानं आपल्यावरच दात विचकायचे? ते मुद्दाम मडक्यात हात घालायचे, तोंडातला घास ओढून घ्यायचे, आणि गुरगुरलं की काठीनं बडवायचे. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, असंच पाहिजे. मला ते बघवत नसे. माझी लेक तेव्हा रांगायला लागली होती, अख्खं अंगण तिला पुरत नव्हतं. माझ्या ताटातलं कुणी ओढलं असतं तर मीही चावले असते, असं मी एकदा बोलून गेले. त्यावर धनी फुगून बसले.

पुढं पिल्लाचं गुरगुरणं थांबलं. कसं वठणीवर आणलं ते धनी शेजाऱ्यांना सांगत फिरले. मला मात्र दिसायचं, कुणी जवळ आलं की त्याचं अंग ताठ व्हायचं, खाणं थांबायचं. आवाज तेवढा नसायचा.

एका सकाळी मी अंगणात भात कांडत होते. पिल्लू बांगड्याचं डोकं घेऊन गोठ्यापाशी बसलेलं, आणि लेक त्याच्याकडं रांगत निघालेली. ते गुरगुरलं असतं तर मी मान वर केली असती. मान वर केली ती पोरीच्या किंकाळीनं. तिच्या मनगटातनं रक्त वाहत होतं.

धन्यांनी पिल्लाच्या गळ्यात दोर अडकवला आणि ओढत अणशीच्या रानात नेऊन सोडलं. दवाखाना तेव्हा कुठला आमच्याकडं! गावचा वैदू आला. त्यानं पाला वाटून बांधला आणि पिल्लू कुठं आहे विचारलं. ते बांधून ठेवा, म्हणाला. पंधरवडाभर नीट खातंपितं राहिलं तर ते पिसाळलेलं नाही, पोरीला धोका नाही.

"सोडलं म्या त्याला रानात," धनी म्हणाले.

"गुरगुरायचं बी तुमीच सोडवलंसा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासनं धनी रोज रानात जायला लागले. ज्याला बडवलं त्यालाच हाका मारत हिंडायचे. पण त्या रानात वाघ, बिबटे. कुत्र्याचं पिल्लू तिथं किती टिकणार? पिसाळलेलं चावलं की माणूस पाण्याला भितं, हे आम्हाला ठाऊक होतं. लेकीला पाणी पाजताना मी तिच्या गळ्याकडं बघत राहायचे. तिनं घोट गिळेपर्यंत जीव टांगलेला. आत्ती तर तिकडं बघायच्याच नाहीत.

महिना भरत आला आणि एका दुपारी, आम्ही जेवायला बसत होतो तेव्हा, पिल्लू आपणहून आलं. नुसती हाडं उरली होती, एक कान फाटलेला. गुरांच्या दोणीत तोंड घालून ते घटाघटा पाणी प्यायलं. धनी उठले तशी मी आडवी गेले. पण त्यांच्या हातात काठी नव्हती. त्यांनी स्वतःचं भाताचं ताट लांबूनच त्याच्याकडं सरकवलं आणि मागं झाले.

आमच्यात कुत्र्याला सगळ्यांच्या मागनं घालतात. त्या दिवशी त्याचं पोट भरेपर्यंत आमच्यापैकी कुणी घास उचलला नाही, आणि मी पोरीला पोटाशी धरून हमसाहमशी रडले.