पाहुण्याचा रस्ता

बायकोचं तेरावं झालं अन् लेक मला निर्मलला तिच्या घरी घेऊन गेली. तिथून परत आलो त्या संध्याकाळी स्टँडवर ऑटो केला. ऑटोवाल्यानं माझी पिशवी पाहून मला परगावचा समजलं. रुमालानं सीट पुसली अन् म्हणाला, "बैठो काका, हमारा शहर दिखाता हूँ."

मी फक्त मोहल्ला सांगितला अन् बसलो, त्याला फिरवू दिलं. घरी कोण वाट पाहून राह्यलं होतं?

त्यानं नदीकडचा नवा रस्ता धरला. काचेचं हॉटेल आलं, रंगीत दिवे आले, घाटाच्या नव्या फरश्या आल्या, की गाडी हळू करून हनुवटीनं दाखवायचा. बंद पडलेली कापसाची जिनिंग आली तशी गाडी जोरात पळवली.

"मागच्या गल्लीतून जवळ पडते ना?" मी मराठीत विचारलं.

तो चमकला. "पडते. पण तितं नाली फुटली हाय. पाहुण्याले ते काऊन दाखवाचं?"

"माहं घर तितंच हाय, बाबू."

तो ओशाळून हसला. "मंग आधी सांगाचं ना! तुमी तं घरचेच निघाले." अन् गाडी वळवली.

बायकोही अशीच. पाहुणे येणार म्हटलं की पोपडे निघालेल्या भिंतीवर नवी सतरंजी टांगायची. पाहुणे गेले की आम्ही दोघं दोन टोकं धरून तिची घडी करायचो.

घर उघडलं. तेराव्याला लेकीनं टांगलेली सतरंजी तशीच होती. काढली. एक टोक धरलं, दुसरं जमिनीवर लोळत राह्यलं.

परत टांगून ठेवली.