बुरशीनं पाऊस आणला तेव्हा

सौंसरच्या बाजारात माझं कृषी केंद्र आहे. अर्ध्याहून जास्त विक्री बुरशीनाशकाची. म्हणजे बुरशी मरते म्हणून माझी चूल पेटते. तरी तिच्याबद्दल मला डब्यावर छापलेलं असतं तेवढंच ठाऊक. गिऱ्हाइकापुढे मात्र असा बोलतो, जणू ती माझ्याच हाताखाली शिकली.

माझी मुलगी तृप्ती नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकते. जूनच्या सुटीत जेवताना ती म्हणाली, जंगलातल्या अळंब्या, त्याही बुरशीच, कोट्यवधी बीजाणू हवेत सोडतात, त्यांच्यावर पाणी धरतं, आणि ते ढगात पोचले तर थेंब तयार व्हायला मदत होत असावी. ‘असावी’वर तिनं चांगलाच जोर दिला होता. मी तेव्हा भाजी वाढून घेत होतो, त्यामुळे तेवढा शब्द ऐकायचा राहिला.

यंदा पाऊस लांबला. आभाळाकडे पाहून कंटाळलेली मंडळी दुकानात येऊन बसू लागली. असे रिकामे श्रोते दिसले की मला राहवत नाही. मी ठोकून दिलं, "पाऊस आपोआप येते असं वाटते तुमाले? बुरशी आणते तो! आपणच औषधं मारमारून तिले संपवून राहिलो."

हे मी कुठं बसून बोललो, तर औषधांच्या कपाटाला टेकून. गल्ल्यावर बसलेल्या जयश्रीनं, म्हणजे बायकोनं, कपाळाला हात लावला. मला वाटलं, तिचं डोकं दुखत असेल.

ऐकणाऱ्यांत तिगावचे नत्थूजी होते. पावसाळ्याआधी संत्र्याच्या खोडांना बोर्डो मलम, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायची आमच्याकडे रीत आहे. नाही लावला तर ओलीत बुरशी साल धरते, डिंक वाहतो आणि झाड वाळतं. नत्थूजी दरसाल मोरचूद माझ्याकडूनच नेतात. यंदा आले नाहीत. दुसरं दुकान धरलं असेल, असं समजून मी मनातल्या मनात त्यांच्यावर रुसून बसलो.

मग पाऊस आला आणि थांबेचना. पहिली उघाड मिळाली तसे नत्थूजी शाल-नारळ घेऊन दुकानात हजर.

"भाऊ, तुमचं खरं निघालं! म्या यंदा खोडाले हातच नाही लावला. म्हटलं, राहू दे थोडी बुरशी, आणू दे पाणी."

खांद्यावर शाल आणि अंगाला दरदरून घाम. "नत्थूजी, ते जंगलातल्या बुरशीचं होतं. बागेतली वेगळी. अन् तेही अजून पक्कं नाही."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

काय सांगणार, भाजी वाढून घेत होतो म्हणून? मोरचूद-चुन्याच्या पिशव्या गाडीवर टाकल्या आणि त्यांच्या मागोमाग बाग गाठली. बांधाकडच्या दोन झाडांना डिंक सुटला होता. ती गेल्यातच जमा. बाकीची आज लेप लागला तर वाचण्यासारखी होती. नत्थूजींच्या वच्छलाबाईंनी ही झाडं कलमापासून वाढवलेली, आणि मी ती माझ्या तोंडाच्या खाजेपायी पणाला लावली होती. फार लाज वाटली.

वच्छलाबाई बादलीत मलम कालवत होत्या. गप्प राहणं मला जमेना. मी सुरू झालो, "त्याचं कसं आहे वैनी, हा डिंक म्हणजे..."

त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला.

"भाऊ, तुमी बोलू नका. तुमी बोलता, अन् आमी आयकतो."