टाईप केलेली साक्ष

बाळांनो,

परवा फोनवर धाकटीने विचारले, "आजी, तुमच्या चर्चमधल्या त्या भाकरीवाल्या मावशी, पूर्वी दारू गाळायच्या त्या, त्यांची साक्ष तू टाईप करून ठेवली होतीस ना? पाठव ना. आमच्या युवा संघात वाचायची आहे. शुद्ध जीवन हा विषय आहे."

मी म्हटले, शोधते. ते खोटे होते. तो कागद आता कुठेच नाही, हे मला ठाऊक होते. का नाही, ते लिहिते.

प्रभूने आपल्याला कशातून बाहेर काढले हे मंडळीपुढे उभे राहून सांगायचे, त्याला आपण साक्ष म्हणतो. तिची साक्ष मोठी होती. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. सोलापूर रस्त्यावरच्या एका खेड्यात हातभट्टीची दारू गाळायची. नवरा तीच दारू प्यायचा आणि तिला मारायचा. एके दिवशी माल बिघडला. वासावरून तिला कळले. मारून झाल्यावर नवऱ्याने त्याच दारूचा डबा प्यायला उचलला, तेव्हा तिने त्याला अडवले नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. मुलगी दीड वर्षाची होती.

पुढे ती विश्रांतवाडीला आली, आमच्या मंडळीत आली. सगळे कबूल केले, बाप्तिस्मा घेतला आणि भट्टीला पुन्हा हात लावला नाही. तेव्हापासून मेसला भाकऱ्या करून देते. इतके स्वच्छ आयुष्य मी जवळून दुसरे पाहिलेले नाही, माझे धरून. मुलगी वसतिगृहात वाढली, नर्स झाली. वडील काविळीने गेले, एवढेच तिला सांगितलेले होते. मंडळीत सगळ्यांना खरे ठाऊक होते, पण मुलीपुढे कोणी बोलत नसे. तेवढे शहाणपण आमच्यात होते.

ही साक्ष ऐकायला लोकांना फार आवडे. परदेशी पाहुणे आले की तिला उभे करायचे, हे ठरलेलेच. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले, त्यामुळे दुभाषी मी. पहिल्या वेळी ऐकत ऐकत भाषांतर केले. दुसऱ्या वेळेपासून टाईप करून ठेवले. परिच्छेद पाडले, क्रम लावला. भट्टी आधी, नवरा शेवटी, कारण तो शेवटी आला की पाहुण्या बायका रुमाल काढत. फाइलला लेबल लावले. साक्ष दिल्यावर ती दोन दिवस जेवत नसे. मला हे माहीत होते. मी त्याला पश्चात्ताप समजत होते.

हंगामाच्या सणाच्या, म्हणजे चर्चमधल्या सुगीच्या उपासनेच्या, आदल्या दिवशी आम्ही दोघी प्रभुभोजनाचे, द्राक्षरसाचे छोटे पेले धूत होतो. ते काम आमच्याकडेच असते, ती धुते, मी पुसते.

"बाई, उद्या मला उभं करू नका," ती म्हणाली. "पोरगी येणार हाय. ठरलंय तिचं. सासरची माणसं घेऊन येतीय."

"परदेशी पाहुणे खास तुझ्यासाठी येत आहेत. कार्यक्रमपत्रिका छापून झाली."

"माझं नाव छापलंय? बघा, पोरीच्या लग्नपत्रिकेआधी इथंच छापून आलं."

मी हसले. मग तडजोड झाली. भट्टीचे सांगायचे, नवऱ्याचे नाही. तेवढे मुलीला ठाऊक होते.

"त्याचं अजिबात नका घेऊ, बाई."

"नाही घेणार. शब्द देते."

दुसऱ्या दिवशी मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी तिचा होणारा नवरा आणि त्याची आई. व्यासपीठावरून आई थोडे थोडे सांगत होती आणि मी इंग्रजी परिच्छेद वाचत होते. माझ्या हातात नेहमीचाच कागद होता. नवऱ्याच्या भागापाशी आल्यावर ती ठरल्याप्रमाणे म्हणाली, "मग माझं मन बदललं, आन् मी प्रभूकडं आले." मी इंग्रजीत नवऱ्याचा परिच्छेद वाचला. सगळा.

तिला इंग्रजी येत नाही. मुलीला येते.

मुलीने मांडीवरची पर्स उचलली आणि मधल्या वाटेने बाहेर गेली. तिसऱ्या रांगेतून होणाऱ्या सासूचा हलका आवाज आला, "काय रे, काय वाचलं त्यांनी?" पाहुणे टाळ्या वाजवत होते. ती व्यासपीठावर हात जोडून उभी, माझ्याकडे वळून विचारत होती, "बाई, पोरगी का गेली? बरं नाही का वाटत तिला?"

सवयीने वाचले गेले, असे मी पुष्कळ दिवस सांगत होते. खरे तसे नाही. परिच्छेद सुरू होण्याआधी तो मला दिसला होता. त्याचे भाषांतर मला चांगले जमले होते, आणि पहिल्या रांगेत ते समजणारी माणसे बसली होती.

सोमवारी तिच्या खोलीवर जाऊन मी काय वाचले ते तिला मराठीत सांगितले. तिने पिठाचे हात धुतले, पदराला पुसले.

"देवानं पुसून टाकलेलं, बाई," ती म्हणाली. "तुम्ही टाईप करून ठेवलंत."

लग्न मोडले नाही. झाले. आईला बोलावणे आले नाही, त्यानंतर मुलीचा फोनही नाही. मी मुलीला दोन पत्रे लिहिली, त्यांचे उत्तर नाही. कागद फाडला, संगणकातलाही काढून टाकला. मग एका रविवारी मंडळीपुढे उभी राहून मी माझी चूक सांगितली. लोक म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका." माझी साक्ष पुन्हा कोणी मागितली नाही. तिची मात्र पुढच्या सणाला मागितली होती. तेव्हा मी नाही म्हटले, आणि ते म्हणायला मला किती उशीर झाला हे मला कळले.

ख्रिस्तात माणूस नवा होतो, हे मी तुम्हांला लहानपणापासून शिकवले. तुमच्या हातून काही वाईट घडले तर कबूल करा, सोडा, आणि पुन्हा तिकडे जाऊ नका. ते कठीण असते, पण तिने करून दाखवले. मला जमले नाही ते वेगळेच होते. देवाने तिच्या मागे टाकलेले मी उचलून फाइलला लावत गेले, आणि तिच्या पापावर माझे इंग्रजी चमकवले. त्या दिवशी व्यासपीठावर अशुद्ध काही असेल, तर ते माझ्या हातात होते. तुमच्या संघात वाचायचेच असेल तर हे पत्र वाचा.

आम्ही अजून शनिवारी पेले धुतो. ती धुते, मी पुसते. त्या विषयावर बोलत नाही. तिचा फोन मोरीच्या कठड्यावर असतो, स्क्रीन वर करून. वाजला की तिचे ओले हात पाण्यातच थांबतात. गेल्या शनिवारी वाजला. सिलेंडरवाला होता. तिने त्याला संध्याकाळी यायला सांगितले आणि पुढचा पेला माझ्या हातात दिला.

तुमची आजी