बांधावरची खोपी

केरूबाबाला गावाने बांधावरून उतरवलं तेव्हा तो साठीला आला होता, आणि त्यातली पस्तीस वर्षं त्याने खाडीचं पाणी बघण्यात घालवली होती. कासू स्टेशनावर उतरून खाडीकडे चालत गेलं की आमचं गाव लागतं. आमची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खाली, मधे फक्त मातीचा बांध. चिंबोऱ्या त्या बांधाला बिळं पाडतात. उधाणाच्या भरतीला पाणी बिळात घुसतं आणि शेताच्या अंगाला बोटभर धार लागते. तिथे लगेच चिखल दाबला तर ठीक, नाहीतर तासाभरात बांधाला खांड पडते आणि खारं पाणी शेतात येतं. मग तीन वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही.

म्हणून बांधावर एक खोपी होती. कुडाच्या भिंती, वर पेंढा, खाडीच्या बाजूला हातभर भोक. आत फावडं, घमेली आणि चिखलाने भरलेल्या गोणी. अमावस्या-पुनवेला केरूबाबा तिथून हलत नसे. घरटी वर्षाला पायलीभर भात त्याला मिळे आणि तेवढ्यावर तो खूश होता. सरू ही त्याची एकुलती मुलगी, वरसे गावात दिलेली. तिच्या पहिल्या मुलाच्या बारशाला उधाण आलं, तर हा आजोबा गेलाच नाही. गावाने आग्रह केला तेव्हा म्हणाला, "तुमी जाऊन जेवा. बांद काय माज्यासंगती येनार नाय."

शहाण्णवच्या भाद्रपदात मी असल्या माणसाच्या वाटेला गेलो.

मी रोह्याला कंपनीत कामाला. आमच्या साहेबांची मेहुणी मृणाली मुंबईहून दोन मुलांना घेऊन येणार होती. दोन दिवस 'अस्सल कोकणात' राहायचं होतं. साहेब म्हणाले, "दत्तात्रेय, तुझ्या गावाकडे बघ काहीतरी." मला बढती हवी होती, खोटं कशाला बोलू? शब्द खाली पडू दिला नाही.

बाईंना आधी माझ्या चुलतभावाचं नवं स्लॅबचं घर दाखवलं. पंखा, पलंग, घरातच संडास. त्या दारातूनच परत फिरल्या. "असं तर आमच्याकडेही आहे हो. या जागेला स्वतःचं असं काहीच नाही." मग मी पेणमधला लॉज सुचवला. तो तर त्यांनी ऐकूनही घेतला नाही. मला तर त्यांची कीव आली होती. पंखा सोडून डास मागणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. तेवढ्यात त्यांना लांबून खोपी दिसली. "ते काय आहे? ते! मला तेच हवंय!"

मी हसलो असतो तर बरं झालं असतं. पण मी केरूबाबाकडे गेलो.

"दोनच दिस, बाबा. साहेबांची मानसं हायती."

"उद्या पुनव हाय, दत्ता."

"तू बांधावरच रव्ह ना. खोपीत ती झोपतील, तू भायेर."

म्हातारा कुणाला नाही म्हणायला शिकलाच नव्हता. गोणी, फावडं, घमेली मी स्वतः उचलून माझ्या पडवीत नेऊन टाकली, कारण बाईंना त्या सामानाचा वास येत होता. कुडाला शेणमातीने सारवलं, भोकाला माझ्या बायकोच्या, प्रणिताच्या, जुन्या साडीचा पडदा लावला. बाई म्हणाल्या, खिडकी किती गोड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी जिताडा मागितला. पेणचा जिताडा प्रसिद्ध म्हणे. मला तो बाजारातून आणता आला असता. पण बाईंना जिवंत मासा हवा होता, तो मिळायचा पलीकडच्या गावातल्या तळ्यात, आणि तळेवाला ओळखायचा केरूबाबाला. मी त्याला म्हटलं, "बाराला भरती. त्याच्याआधी परत येशील."

त्याने खाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "तू बांदावर बसशील?"

"बसतो. जा तू."

त्याने तेवढ्यावर विश्वास ठेवला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तो पुनवेचा बांधावरून खाली उतरला.

आणि मी घरी बसलो. प्रणिता वाटण वाटत होती आणि मी साहेबांना फोनवर काय काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. बांधावर बाई आहेत की, असं वाटलं मला. जणू बाईंना बांध कळत होता!

पाणी आलं, तेव्हा पहिली आरोळी शेतातून आली. मी धावलो. तोवर दोन वाव, म्हणजे दहा-बारा फूट बांध खोपीसकट वाहून गेला होता आणि गावातली माणसं रिकाम्या हाताने पळत होती. गोणी माझ्या पडवीत. पोटरीला आलेलं, लोंब्या धरणारं भात साठ घरांच्या डोळ्यांदेखत बुडालं. बाई मुलांना धरून उभ्या होत्या, घाबरून रडत होत्या. केरूबाबा आला तो ओल्या फडक्यात मासा गुंडाळून. त्याने मासा खाली ठेवला आणि सरळ खांडीत उतरला. त्याला चौघांनी ओढून बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात गाव बसलं. हैबतराव सगळ्यांत वडील, त्यांनीच विचारलं, "केरू, पुनवेचा बांद सोरून गेलास. कोनी सांगितला तुला?"

मी खांबाला टेकून बसलो होतो, केरूबाबापासून चार हातांवर. माझं तोंड उघडलं नाही. गाव मला वाळीत टाकेल, साहेबांपर्यंत जाईल, बढती जाईल, एवढंच डोक्यात होतं. मी भ्यालो. दुसरा शब्द नाही त्याला.

"माजी चूक," केरूबाबा म्हणाला. गावाने त्याची पायली बंद केली. त्याला गाव सोडायला सांगितलं नाही, पण त्याच्याशी कोणी बोलेना. महिन्याभरात तो वरसेला सरूकडे गेला.

मला बढती मिळाली. बाईंनी साहेबांना सांगितलं होतं म्हणे, मी फार धावपळ केली.

दिवाळीनंतर त्यांचं पाकीट आलं. झालं ते वाईट झालं, पण जागा विसरता येत नाही, खोपी पुन्हा बांधली तर नक्की कळवा, असं पत्र. सोबत फोटो. मुलं बांधाच्या उतारावर बसलीत, हसताहेत, आणि त्यांच्या मधून पाण्याची बोटभर धार निघतेय. मागे लिहिलं होतं, 'बांधावर सापडलेला आमचा झरा, सकाळी साडेअकरा.'

तो फोटो घेऊन मी वरसेला गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येत नाही. बाईंनी धार बघितली होती, म्हणजे चूक माझ्या एकट्याची नव्हती, असं काहीतरी म्हणायचं असेल मला. सरूने पाणी दिलं आणि ती आत गेली. केरूबाबाने फोटो उजेडात धरला. मुलांकडे त्याने बघितलंच नाही.

"येक घमेला चिखल," तो म्हणाला. "येवराच लागला असता."

मी म्हटलं, "बाबा, देवलात तू माझा नाव का नाय घेतलास?"

त्याने फोटो माझ्या हातात परत दिला.

"तू बसला व्हतास ना तिथं," तो म्हणाला. "मला वाटला, तूच घेशील."