काटा चाचपणारी बोटं

तेलगावहून फोन आला तेव्हा मी परदेशात, लेकीच्या स्वयंपाकघरात, फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात मटारची पिशवी शोधत होते. जावई दत्ता कामावर निघाला होता. त्यानं फोन कानाला लावला आणि एक पाय बुटात, एक बाहेर, असा तो तसाच उभा राहिला. "कधी?" एवढंच बोलला... माझ्या वयाच्या बाईला त्या 'कधी'चा अर्थ सांगावा लागत नाही. त्याची आई, माझी विहीण कौसाबाई, सकाळी शेळ्यांना पाला टाकून आली, चुलीपाशी टेकली आणि परत उठली नाही. ऐकलं आणि हाताला जे लागलं ते घट्ट धरून मी उभी राहिले. खाली बघते तर ती कौसाबाईंचीच पिशवी. गोठवलेल्या पांढऱ्या माशाची, अर्धी उरलेली, तोंड त्यांच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेलं. गेल्या खेपेला परत जाताना त्यांनीच ती गाठ मारली होती. मी चटका बसल्यासारखी पिशवी आत टाकली आणि कप्पा ढकलला. दुःख नंतर झालं, आधी भीती वाटली. माणूस तिकडे मातीत गेलं, आणि त्याच्या हातची गाठ इकडे बर्फात जशीच्या तशी.

माझी आणि माशाची ओळख कौसाबाईंनी करून दिली. नाहीतर कुठे मासा आणि कुठे मी! आमचं तलवाड्याला किराणा दुकान, घर लिंगायत, गळ्यात लिंग, घरात अंड्याचं नाव घ्यायचं तरी आवाज खाली करायचा. नवी सून होते तेव्हा आठवडी बाजारात एका कोपऱ्यात गोदावरीचे मासे घेऊन एक बाई बसायची. तिला टाळायला मी सगळ्या बाजाराला वळसा घालायची, तोही पदरानं नाक आणि जमलं तर डोळे झाकून. एकदा अशीच चालताना एका उभ्या गाढवावर जाऊन आदळले. गाढव हललं नाही. मीच "चुकलं हो" म्हणून बाजूला झाले. अशी ती शहाणी सून पुढे सासू झाली, पण अक्कल गाढवापाशीच राहिली होती, हे मला साठीनंतर परदेशात कळलं.

आमच्या नंदानं लग्न स्वतः जुळवलं. दत्ता तेलगावचा, धनगराच्या घरचा, मेंढरांमागे फिरलेल्या आईचा मुलगा. लग्नात कौसाबाई आणि मी एकमेकींना ओटी भरण्यापुरतं भेटलो आणि आपापल्या गावाला गेलो. पुढे नंदाला दिवस गेले आणि आम्हा दोघींना एकाच विमानात शेजारी शेजारी बसवून पाठवून दिलं. सगळा प्रवास मी खिडकीकडे तोंड करून काढला. कौसाबाई लुगड्यावर मुलाचा स्वेटर घालून, पायात त्याचेच मोजे चढवून शांत बसल्या होत्या. विमान हललं की तेवढा माझा हात धरायच्या, आणि थांबलं की सोडून द्यायच्या.

बाळंतपण वाईट झालं. नंदाचं रक्त फार गेलं. सई झाली ती धडधाकट, पण आई घरी आली ती भिंतीला धरून. ओठांना रंग नाही, डोळे आत गेलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं की नीट खाल्लं नाही तर परत भरती करावं लागेल. मी खीर केली, अळीव केले, मुगाचं कढण केलं. तिनं सगळ्याला तोंड फिरवलं. कौसाबाईंनी मटणाचं पाणी काढलं, तर वासानंच उलटी झाली. मला रात्रंदिवस एकच भीती... ही पोर माझ्या डोळ्यांदेखत विझत जाणार आणि मी ताट घेऊन नुसती उभी राहणार. शेवटी नंदाच म्हणाली, "आई, दवाखान्यात एक पांढरा मासा दिला होता, बिनमसाल्याचा. तो तेवढा पोटात राहिला. तो खाईन."

मी कौसाबाईंकडे बघितलं. म्हटलं, ह्या सगळं खाणाऱ्या, ह्यांना काय अवघड! तर त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला. क्षणभरच. मग म्हणाल्या, "आणू की. त्यात काय एवढं."

दुकानात बर्फावर ताजे मासे मांडले होते, डोळ्यांसकट. एकानं माझ्याकडे असं बघितलं की मी कौसाबाईंच्या पाठीमागे गेले, आणि त्या माझ्या पाठीमागे यायला बघत होत्या. तसाही तो मासा आम्हाला परवडणारा नव्हता. दत्ता तेव्हा एका गोदामात पाळ्या करायचा. मग आम्ही गोठवलेल्या मालाच्या कपाटांकडे वळलो. तिथे मासाच मासा. चौकोनी, लांबट, चुरा लावलेला, काही न लावलेला. कौसाबाईंनी एक पिवळं पाकीट उचललं. "इनबाई, ह्यो बघा, हळद लावलेला हाय. निम्मं काम झालं." मी मॅट्रिक झालेली, म्हणून इंग्रजीची बाजू माझ्याकडे. पाकीट उलटंसुलटं करून मी वाचल्यासारखं केलं आणि मान डोलावली. ती हळद नव्हतीच. मासा धुरावर धरून पिवळा केलेला होता. तव्यावर टाकला तसा घरभर जळक्या लाकडाचा वास झाला आणि छतावरची धुराची घंटा किंचाळायला लागली. मी तेव्हा न्हाणीघरात दार लावून बसले होते, गळ्यातल्या लिंगावर मफलर गुंडाळून, म्हणजे देवाला दिसायला नको! घंटा ऐकून वाटलं, झालं, देवानं बघितलं. बाहेर आले तर कौसाबाई घंटेखाली उभ्या राहून पदरानं वारा घालतायत आणि वर बघून तिला म्हणतायत, "गप की गं माय, लेकरू निजलंय!" नंदानं पहिला घास तोंडात घातला आणि थुंकला.

दुसऱ्या खेपेला सगळ्यात स्वस्त पिशवी आणली. तिच्यातले तुकडे एकमेकांना चिकटून एक दगड झाला होता. कौसाबाईंनी तो मटणासारखा येसर मसाला घालून रटारट शिजू दिला. झाकण काढलं तर मासा गायब! नुसतं पांढरट पाणी. "गेला कुठं?" त्या पळीनं तळ ढवळत राहिल्या. मला हसू यायला हवं होतं, पण आतल्या खोलीत नंदा दोन दिवसांची उपाशी होती.

मग आम्ही दोघींनी मिळून डोकं चालवलं. कुल्फीवाल्याची कुल्फी एकदा वितळून परत गोठली की कशी खडबडीत लागते, तसंच त्या दगडाचं झालं असणार, असं माझं म्हणणं पडलं. म्हणून तिसऱ्यांदा दुकानात कौसाबाईंनी प्रत्येक पिशवी कानापाशी धरून हलवली. तुकडे सुटे वाजले पाहिजेत, आतून बर्फाचा चुरा दिसता कामा नये. लोक बघत होते. मी चार पावलं लांब उभी राहून, ह्या बाईंची आणि माझी ओळख नाही, असा चेहरा करत होते. कौसाबाईंनी तिथूनच हाक दिली, "इनबाई, लाजताव कावून? या इकडं, ह्याचा आवाज ऐका!" मग काय, मीही पिशवी कानाला लावली. कॉड नावाचा मासा महाग होता. त्याचा एक गरीब भाऊ निघाला, पोलॉक. तसाच पांढरा, तसाच बिनवासाचा, आणि आमच्या ऐपतीतला. तो घेतला.

घरी आल्यावर तुकडे फ्रिजमध्येच सावकाश मऊ होऊ दिले, मग फडक्यानं कोरडे टिपले. तळायच्या आधी नंदानं पाकीट मागून घेतलं आणि वाचलं, "बिनकाट्याचा आहे... पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय, एखादा काटा राहिलेला असू शकतो." कौसाबाई मटकन खाली बसल्या. मी म्हटलं, "अहो, एखादाच म्हणतायत ना!"

"एकच पुरतो, इनबाई."

आणि मग त्यांनी फरशीकडे बघत सांगितलं. लहानपणी त्यांची मेंढरं गोदावरीच्या काठाला बसली होती. पाणी आटलेलं, डबक्यात मासे सापडले. पोरांनीच भाजले. कौसाबाईंच्या मांडीवर धाकटा भाऊ होता, त्याला त्यांनी आपल्या हातानं घास दिला. "घशात काटा बसला. कोरडी भाकर चारली, तर ती बी अडकली. गेवराईचा दवाखाना लांब. गाडी जुंपस्तोर..." मग पदर सावरून म्हणाल्या, "तवापासून म्या मासा पाह्यला बी न्हाई. आता नंदीसाठी हात लावायलेय."

एवढे दिवस मी समजत होते, भित्री ती मी एकटी. न्हाणीघरात बसणारी. आणि ही बाई माझ्याहून कितीतरी जास्त भीत होती, पण तव्यापाशी उभी होती.

मग कौसाबाईंनी डोळे मिटले आणि एक तुकडा तळहातावर घेतला. दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी त्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाबत नेली, मग उलटी आणली. मग तुकडा पालथा करून पुन्हा तेच. मेंढरांच्या लोकरीतला गोखरू त्या अशाच काढत असणार. मी त्या दिवशी न्हाणीघरात गेले नाही. दारात उभी राहून बघत होते, नाक झाकायचंही विसरले. एकही काटा सापडला नाही, तरी त्यांनी सगळे तुकडे परत एकदा दाबले. मग मीठ, हळद, तेलगावहून आणलेल्या ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर. फार वेळ नाही. माशाच्या पाकळ्या सुटायला लागल्या की लगेच खाली.

नंदा खात होती आणि आम्ही दोघी तिचा घसा बघत होतो. कौसाबाईंनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला होता, प्रत्येक घासाला. "आई, खाऊ द्या ना नीट," नंदा म्हणाली. "खा की, म्या कुठं धरलंय!" कौसाबाई म्हणाल्या, पण हात काढला नाही. ताट रिकामं झालं. उलटी झाली नाही. तेव्हा कुठे त्यांनी तो हात काढला आणि माझ्या खांद्यावर टेकवला. घामानं ओला होता.

नंदा उठून बसली, चालायला लागली, आणि पोलॉकची पिशवी घरात कायमची झाली. पुढे कौसाबाई जितक्या वेळा आल्या तितक्या वेळा सईला मासा त्यांच्याच हातचा. दर वेळी दोनदा चाचपलेला, दर वेळी पाठीवर हात. सई म्हणायची, "तेलगावआजी, यात काटे नसतात!" त्या म्हणायच्या, "नसत्यात, लई चांगलंय," आणि चाचपत राहायच्या. मी त्यांना चिडवायची की तुम्ही त्या माशाचे पायच चेपताय. त्या म्हणायच्या, "एक दिस तुमाला चेपावं लागंल, तवा बघू." मी म्हणायची, "मी? ह्या जन्मात नाही."

दत्ता आईच्या मातीला गेला, दिवस करून परतला. तेरावा झाला, महिनाही झाला. तो खालचा कप्पा मी उघडला नाही. मग परवा नंदा कामावर होती, दत्ताही. सई शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजी, तेलगावआजीचा मासा हवा." मी म्हटलं, उपमा करते. नाही म्हणाली. बटाट्याचे काप? नाही. आणि मग ती रडायलाच लागली, त्या मासा मागणाऱ्या रडण्यात मासा नव्हता हे मला कळत होतं. पोर महिनाभर रडली नव्हती.

मी कप्पा उघडला. पिशवी कानाला लावून हलवली. तुकडे खडखड वाजले. गाठ नखानं सुटेना, बर्फानं आवळली होती, पण कात्री घ्यायला धीर झाला नाही. बोटं बधिर होईपर्यंत सोडवत बसले. सुटली. तुकडे मऊ व्हायला रात्र गेली. सई झोपेतून उठून दोनदा विचारून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या आधी मी ताट पुढ्यात घेऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा माशाला हात लावला. थंड, ओला, आणि मऊ... बाळाच्या गालासारखा, हे लिहायलाही माझा हात कचरतोय. मफलर खुंटीलाच राहिलाय हे नंतर लक्षात आलं. मी डोळे मिटले, कौसाबाई मिटायच्या तसे, आणि एका टोकापासून दाबत निघाले. पहिल्या तुकड्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. म्हटलं, उगाच घाबरत होतो आम्ही दोघी. आणि शेवटच्या तुकड्यात, अगदी कडेला, बोटाला काहीतरी टोचलं.

केसाएवढा काटा. चिमटीत धरून ओढला, निघाला. बशीत ठेवला. दारावरची घंटा वाजली, सई आली होती. "आजी, झालं का?" तिनं बाहेरूनच ओरडून विचारलं.

"थांब गं जरा," मी म्हटलं, दार उघडलं, आणि परत येऊन पहिल्या तुकड्यापासून पुन्हा चाचपायला बसले.