रम शेवटी घालायची

मी रुआबांध्याला, पोलाद कारखान्याजवळच्या वस्तीत, एका घरी स्वयंपाक करते. साहेब त्याच प्लांटमधून रिटायर झालेले. थंडीत दर रविवारी दुपारी त्यांचे चार जुने मित्र अंगणात उन्हाला बसतात आणि मी त्यांच्यासाठी गरम रम करते. पोळ्या कोणीही करेल. हे काम मात्र साहेब मलाच सांगतात, आणि ते मला हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात मी चुकले होते. सर्दीचा काढा करतात तशी आलं, लवंगांबरोबर रमही खळखळ उकळली. एक काका घोट घेऊन म्हणाले, "बाई, मले खोकला कुठं झाला? रम कुठं गेली?" सगळे हसले. मी दाराआड उभी होते, तिथूनच शिकले. आता गूळ, आलं, दालचिनी, मिरे आधी उकळते, मग संत्र्याची साल टाकून गॅस बंद करते, वरून रस पिळते. भांड्याला बोट टेकवता आलं की मगच रम.

मी स्वतः घेत नाही. पंचशील घेतलं आहे. त्यामुळे चव बघायची ती रम पडायच्या आधी. ती जरा जास्तच आंबट, तिखट लागली पाहिजे, कारण रम गोडवा आणते. हे मला उष्ट्या ग्लासांनी शिकवलं. गोड झालं त्या रविवारी तळाशी दोन बोटं उरायची.

यंदा साहेबांची सून बंगलोरहून राहायला आली. पहिल्याच रविवारी ओट्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, चाखून पाहिलं काय?"

"मी घेत नाही, ताई."

"एका चमच्यानं काय चढून राहिलं तुमाले?"

"चढायचा प्रश्न नाही. शील घेतलं आहे."

"मग न चाखता पाहुण्यांले पाजता? त्यापेक्षा मी हॉटेलातला माणूस बोलावते ना. त्याले येते सगळं."

भांड्यातलं बरोबर होतं, हे मला माहीत होतं. रमची बाटली बाजूला सारून मी वाटीत थोडं ओतून तिच्यापुढे धरलं. "हे चाखा."

"बापरे! किती आंबट!"

"आंबटच पाहिजे. थांबा."

मी भांड्याला बोट लावलं, रम ओतली, एकदाच ढवळलं आणि दुसरी वाटी दिली. तिनं घोट घेतला. वाटी रिकामी केली, ट्रे उचलला आणि स्वतःच बाहेर नेला.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ती सुरी घेऊन संत्रं सोलत बसली होती. हॉटेलातला माणूस कुठेच नव्हता.

"एवढी जाड साल नको, कडू होते," मी म्हटलं. इतकं मोठ्यानं, की अंगणात साहेबांनाही ऐकू गेलं.